शुगर वाढली म्हणजे तिने गोड खाल्लं असणार?



पर्युषण जवळ आलं, म्हणून या वेळी पारण्याच्या पदार्थांवर लिहायचं ठरवलं होतं. मुगाच्या पाण्याचा फोटोसुद्धा काढून ठेवलाय. पण मागच्या रविवारी स्थानकातून बाहेर पडताना ओळखीच्या एका ताईंनी माझ्या सुनेकडे बघत मला हळूच विचारलं, "अजून शुगर कंट्रोलमध्ये नाही का हिची? चोरून गोड खाते वाटतं." मी घरी आले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण सहा वर्षांपूर्वी ती लग्न होऊन लोणीला आली तेव्हा हेच वाक्य माझंही होतं. मी ते माझ्या बहिणीला फोनवर ऐकवलं होतं, आणि सुनेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

पारण्याचं पुढच्या वेळी. आज हेच लिहिते. सुनेला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिहा मम्मी, फक्त मला बिचारी करू नका."

आपल्या घरोघरी जी शुगर असते ती टाइप टू. माझ्या सासूबाईंना होती, आमच्या ह्यांनाही आहे. वय वाढलं, पोट सुटलं, दुकानाच्या गादीवर बसून राहिलं की मागे लागते ती. गोळ्या, पथ्य, सकाळी चालणं यांनी पुष्कळ आवाक्यात राहते. माझ्या सुनेची टाइप वन. त्यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. तिला अकराव्या वर्षी झाली. तिने गोड जास्त खाल्लं नव्हतं, तिच्या आईने काही चुकवलं नव्हतं. बाहेरून इन्सुलिन घेतल्याशिवाय असा माणूस जगत नाही. त्याला पर्याय नाही.

पण नातेवाइकांकडे पर्याय भरपूर असतात. आमच्यापासून उरुळी कांचन जवळ. १९४६ साली गांधीजींनी तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगे, सुनेला उरुळीला ने, सुई सुटेल. टाइप टूवाल्यांना आहार-विहाराचा फायदा होतो, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. टाइप वनमध्ये सुई सुटत नाही. भुवाजी तर म्हणायच्या, "दोन अठ्ठाया कर, शरीर आपोआप शुद्ध होईल."

भुवाजींना उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला लागले आणि थक्क झाले. इन्सुलिन सापडण्याआधी टाइप वनवर जो काय उपचार होता तो उपवासाचाच होता! अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन मुलांना अगदी मोजकं खायला देत, म्हणजे मरण थोडं लांबायचं इतकंच. एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची लेक. तिलाही अकराव्या वर्षी, १९१९ साली मधुमेह निघाला. तीन वर्षं ती अशी अर्धपोटी जगली. ऑगस्ट १९२२ मध्ये टोरांटोला डॉ. बँटिंग यांच्याकडे आणली तेव्हा ती पंधरा वर्षांची व्हायला आली होती आणि वजन होतं जेमतेम वीस किलो. इन्सुलिन सुरू झालं, ती उभी राहिली, पुढे लग्न झालं, तीन मुलं झाली, १९८१ पर्यंत जगली. बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शोधाचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. आपण ज्याला अपरिग्रह म्हणतो तो आणखी कसा असतो?

तेव्हाचं इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत, आणि भुवाजींचा दुसरा आक्षेप तोच होता. तो त्या काळापुरता खरा होता. पण १९८२ पासून जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन मिळू लागलं, आणि आपल्याकडेही २००३ पासून भारतीय कंपन्या ते बनवतात. सुनेच्या पेनमध्ये प्राण्याचं काही नाही. यीस्टच्या जीवांचं काय, असा प्रश्न एका मैत्रिणीने केला. तो मी महासतीजींवर सोडते. रोज दही लावणाऱ्या बाईने त्या वादात पडू नये.

आता मूळ गोष्ट.

तिची तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, आमच्या घरी आल्यापासून वाढतच गेली. बहुतेक मोठ्या माणसांनी ती सातच्या खाली ठेवायचा प्रयत्न करावा असं डॉक्टर सांगतात. तिची माहेरी साडेसात होती. आमच्याकडे दोन वर्षांत ९.४ झाली. डॉक्टरांकडे दर वेळी मी सोबत जायचे आणि बाहेर आल्यावर गाडीत तोंड वाजवायचे. "घरात सगळं पथ्याचं शिजतं. बटाटा नाही, रताळं नाही, रात्रीचं खाणं नाही. मग वाढते कशी?" ती खिडकीबाहेर बघत राहायची. हडपसरपासून लोणीपर्यंत हायवेला ट्रॅफिक असतं, माझं बोलणंही तेवढंच लांबायचं.

चार वर्षांपूर्वीचा ज्येष्ठ महिना. तुकोबांच्या पालखीचा लोणीला मुक्काम असतो हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या दुकानापुढे दरवर्षी वारकऱ्यांना चहा आणि चिवडा असतो. त्या दिवशी सुनेने सकाळपासून वाकून वाकून वाढलं, पातेली उचलली, रस्त्याच्या या कडेचं त्या कडेला केलं. संध्याकाळी तिला अडचण आली. आमच्याकडे तेव्हा तीन दिवस बाजूला बसायची पद्धत होती, म्हणजे मागच्या खोलीत वेगळं अंथरूण, स्वयंपाकघर बंद, कपाटाला हात नाही. सूर्यास्ताआधी मी तिला ताट नेऊन दिलं. दमली होती, अर्धंच खाल्लं. मी चौविहाराचं पच्चक्खाण घेतलं, तिनेही घेतलं.

रात्री दोनच्या सुमाराला डब्याचा आवाज आला. मांजर असेल म्हणून उठले. दिवा लावला तर ही स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली, अंगावरचा गाऊन घामाने भिजलेला, हात थरथरताहेत, मांडीवर साखरेचा डबा, ओठांना साखर. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मम्मी, सॉरी."

मैत्रिणींनो, खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार डब्याचा आला. तिने अडचणीत डब्याला हात लावला, आणि तोही रात्री. दुसरा विचार तिचा. मधे दोन सेकंदंच गेली असतील, पण ती मला माहीत आहेत.

मुलाने ग्लुकोमीटर आणला. तोवर तिने चार चमचे तरी साखर खाल्ली होती, तरी आकडा ५२. सत्तरच्या खाली गेली की हायपो. आणखी खाली गेली तर माणूस बरळतो, झटके येतात, बेशुद्ध पडतो. तिची ग्लुकोजची पावडर बेडरूमच्या कपाटात होती, तीन दिवस बंद असलेल्या. "तू हाक का नाही मारली?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही उठला असता ना."

पुढच्या आठवड्यात हडपसरच्या डॉक्टरांनी तिची वही पाहिली, मग तिला एकटीला आत बसवलं, मग मला बोलावलं. दोन वर्षं माझी सून रात्रीचं इन्सुलिन सांगितल्यापेक्षा चार-पाच युनिट कमी घेत होती. मुद्दाम. झोपताना शुगर अडीचशेच्या वर असेल असं बघत होती. रात्री शुगर उतरली तर खावं लागेल, आणि सासरी रात्री खाता येणार नाही, म्हणून.

९.४ चं कारण हे होतं. चोरून खाल्लेली बर्फी नव्हती. मी होते.

हायपोची भीती हे शुगर चढी राहण्याचं फार मोठं कारण आहे, आणि जगभरात आहे. अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ टाइप वनच्या १४४१ लोकांवर मोठा अभ्यास झाला. ज्यांनी शुगर कडक सांभाळली त्यांच्यात डोळ्यांचा पडदा खराब होण्याचा धोका तीनचतुर्थांशाने कमी झाला. पण त्याच लोकांना गंभीर हायपो तिप्पट आले. म्हणजे शुगर खाली आणायची तर अधूनमधून ती घसरणारच, आणि घसरली की तिथल्या तिथे साखर हाताशी लागणारच. ज्या घरात साखर हाताशी नाही त्या घरात बाई शुगर चढीच ठेवणार. तिने दुसरं काय करावं?

त्या दिवसानंतर मी महासतीजींकडे गेले. सगळं सांगितलं, अगदी डब्याच्या विचारासकट. मला वाटलं प्रायश्चित्त देतील. त्या म्हणाल्या, संध्याकाळचं पच्चक्खाण चाळीस वर्षं घेताय, त्यातले आगार कधी ऐकले का? मी गप्प. आपण ते एका दमात म्हणून मोकळ्या होतो. त्यातला शेवटचा, सव्वसमाहिवत्तियागार, म्हणजे रोगपीडेत समाधी टिकावी म्हणून औषध घ्यावं लागलं तर पच्चक्खाण मोडत नाही. हायपोत साखर म्हणजे औषध. ज्यांनी ही पच्चक्खाणं बांधली त्यांनी आजाऱ्यासाठी दार आधीच ठेवलेलं होतं. कडी मी लावली होती.

बाजूला बसायची पद्धत आमच्या घरातून त्याच महिन्यात गेली. भुवाजी वर्षभर आमच्याकडे पाणी प्यायल्या नाहीत. मला वाईट वाटलं, आजही वाटतं. त्यांनी मला नवी नवरी असताना सांभाळलं होतं. पण याही बाबतीत डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला पन्नाशी उलटेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. पाळीच्या आधीचे काही दिवस बऱ्याच बायकांची शुगर चढते, तेच इन्सुलिन कमी पडतं, आणि पाळी सुरू झाली की झपकन उतरते. म्हणजे ज्या रात्री हायपोची शक्यता सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच रात्री आम्ही तिला साखरेपासून सगळ्यात लांब झोपवत होतो. त्यात दिवसभराची मेहनत. अंगमेहनतीचा परिणाम काम संपल्यावर संपत नाही, रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत शुगर खेचत राहतो. हे मला आधी कळलं असतं तर पालखीच्या दिवशी पातेली मुलाला उचलायला लावली असती. तशीही त्यानेच उचलायला हवी होती.

आणखी एक कबुली. मागच्या हिवाळ्यात अचानक तिची शुगर तीनशेच्या खाली येईना. जेवण तेच, युनिट तेच. मला पुन्हा तोंडावर आलं होतं, पण या वेळी गिळलं. चार दिवसांनी तिच्याच लक्षात आलं. मी श्रीखंडाचं भांडं ठेवायला जागा करताना तिच्या इन्सुलिनचा डबा फ्रीजच्या मागच्या भिंतीला, अगदी बर्फाच्या कप्प्याखाली सरकवला होता. इन्सुलिन गोठलं होतं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही, फेकायचं. न उघडलेलं २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, आणि वापरात असलेलं पेन बाहेर चालतं, साधारण महिनाभर, पण उन्हात नाही, बंद गाडीत तर मुळीच नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि गुरुवारी लाइट जाते. आता त्यासाठी ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं आहे, माझ्या आईकडे दही ठेवायला असायचं तसं. फ्रीजमध्ये दाराचा वरचा कप्पा तिचा. त्यात मी लिंबूही ठेवत नाही.

खाण्याबद्दल खूप लिहिता येईल, पण थोडक्यात. तिला काय चालतं-नाही यापेक्षा किती आणि केव्हा हे मोजावं लागतं. दोन पोळ्या की तीन, हे तिला जेवायच्या आधी ठरवावं लागतं, कारण सुई तेवढ्याची घ्यायची असते. ती सुई घेऊन ताटावर बसली आणि मी "थांब गं, पाहुणे येताहेत" म्हणाले की झालंच. आणि उलट, ती उठताना "एवढासा हलवा घे, माझी शपथ" म्हणून वाढला की तिचं गणित मोडलं. आपला आग्रह! दुसरं, आपली जेवणाची वेळ घड्याळ ठरवत नाही, सूर्य ठरवतो. नोव्हेंबरअखेर पुण्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनअखेर सव्वासाताच्या. तास-सव्वा तासाचा फरक, आणि थंडीत संध्याकाळच्या घासापासून सकाळच्या नवकारसीपर्यंत चौदा तास. त्याप्रमाणे डॉक्टरांकडून युनिट बदलून घ्यावे लागतात. आम्ही कित्येक वर्षं हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटे आठला जेवते. आयंबिलही तसंच. आपल्याला वाटतं तूप नाही, गोड नाही, म्हणजे शुगरला उत्तम. पण नुसतं धान्य म्हणजे नुसता स्टार्च, सोबत भाजी नाही, स्निग्ध नाही. शुगर सरळ वर.

आता पर्युषणाचं, कारण त्यासाठीच घाईने लिहितेय. तुमच्या घरात टाइप वनची कोणी असेल, सून, लेक, जाऊ, आणि ती उपवास करायचा म्हणत असेल तर "आज खाणार नाहीस, मग सुई कशाला?" हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका. जेवणाची सुई वेगळी आणि चोवीस तासांची वेगळी. न जेवताही शरीराला इन्सुलिन लागतंच. ते पूर्ण बंद केलं तर रक्तात आम्ल साचतं, उलट्या होतात, श्वास जोरात चालतो, आणि माणूस एक-दोन दिवसांत आयसीयूत जातो. तापात, जुलाबातही तेच, खाणं बंद म्हणून इन्सुलिन बंद असं नाही. उलट तापात जास्त लागतं. उपवास करायचा की नाही हे तिने आणि तिच्या डॉक्टरांनी आधी बसून ठरवायचं. आपण अनुमोदनेच्या नावाखाली ढकलायचं नाही.

राहिलं एक, आणि ते मला सगळ्यात जड जातं. तिच्या माहेरच्यांनी लग्नाआधी सगळं स्वच्छ सांगितलं होतं. आम्ही होही म्हटलं, लोकांनी आमचं कौतुक करावं इतकं मोठं मन दाखवून. पण मी एक अट घातली होती, माझ्या लेकीचं जमेपर्यंत समाजात कोणाला कळू द्यायचं नाही. त्यामुळे स्वामीवात्सल्यात, लग्नाकार्यात ती बाथरूममध्ये जाऊन सुई घ्यायची. रांग असली की उशीर. कधी नळाशी बायका उभ्या असल्या की घ्यायचीच नाही. पंगतीत मात्र सगळं खावं लागायचं, नाही म्हटलं तर "का गं, दिवस गेलेत का?" लहान मुलांसाठी निदान कोणीतरी असतं. पुण्यात जहांगीर हॉस्पिटलच्या संशोधन संस्थेत टाइप वनच्या मुलांसाठी काम चालतं, छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' आहे. माहेरी आई रात्री तीनला उठून बोट टोचते. मग मुलगी मोठी होते, लग्न होतं, आणि रात्री तीनला तिच्यासाठी उठणारं घरात कोणी नसतं. वर आपण म्हणतो, एवढी शिकलेली आहे, स्वतःचं स्वतः सांभाळायला नको?

माझ्या लेकीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. पाहुण्यांना आम्ही वहिनीचा आजार पहिल्याच बैठकीत सांगितला. एक स्थळ त्यावरून गेलं. दुसरं नाही गेलं.

सुनेची मागची एचबीएवनसी ७.६ आली. दंडावर सेन्सर लावते, महाग आहे, म्हणून दर महिन्याला नाही जमत. तरी कधी २८० दिसतं, कधी ६५, आणि दर वेळी कारण सापडतंच असं नाही. ताण, अपुरी झोप, एकाच जागी टोचून टोचून पोटावर झालेली गाठ, काहीही असतं. मी आता "काय खाल्लंस?" विचारत नाही. "काही आणू का?" विचारते. कधी कधी तिला तेही नको असतं, तेव्हा चिडते माझ्यावर. चिडू दे.

तिच्या उशाशी ग्लुकोजची पावडर, चमचा आणि पाण्याची बाटली असते. तशीच एक बाटली मी देवघराशेजारच्या फळीवर ठेवलीय आणि एक दुकानाच्या गल्ल्यात. तीन चमचे, मग पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तीन. पेढा-बर्फी नको, त्यातल्या तूप-खव्यामुळे साखर उशिरा लागते. चॉकलेटचंही तेच.

स्थानकातल्या त्या ताईंना मी तेव्हा काहीच उत्तर दिलं नाही, नुसतं हसले. उद्या भेटल्या की हा लेख त्यांना पाठवणार आहे. आणि महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये विचारणार आहे की पर्युषणात स्थानकाच्या ऑफिसात ग्लुकोजचा एक डबा ठेवायला कोणाची हरकत आहे का. हरकत असलीच तर आगारावर बोलायची तयारी करून जाणार आहे.